महारेराचा एजंट होण्याचा खर्च: पैसे कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने भरायचे

"दहा हजार भरले की झालं" असं ऐकून मालमत्तेचे एजंट होऊ पाहणारे बरेच जण थेट महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर खातं उघडतात आणि सक्षमता प्रमाणपत्राच्या (प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर मिळणाऱ्या) रकान्यापाशी अडकतात. काही जण आधी भागीदारी फर्म काढतात आणि शुल्काच्या पडद्यावर दहा हजारांऐवजी एक लाख दिसले की हबकतात. तिसरे हौसेने हजार लेटरहेड छापून घेतात, मग नोंदणी क्रमांक आल्यावर तो गठ्ठा रद्दीत घालतात. चूक पैशांची कमी असते, क्रमाची जास्त. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने दिले आहेत.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. एजंटची नोंदणी राज्यापुरती असते. सिंधुदुर्गातला एजंट गोव्यातल्या प्रकल्पातली सदनिका विकणार असेल, तर त्याला गोव्याची वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क लागतं.

## आधी हिशेब कागदावर मांडा

एकट्याच्या नावाने नोंदणी करणाऱ्याने इतकी तजवीज करावी:

- प्रशिक्षण: ६,००० रुपये
- परीक्षा: २,००० रुपये
- महारेराचं नोंदणी शुल्क: १०,००० रुपये
- पोर्टलचा सेवा आकार व त्यावरचा कर: २,००० रुपये
- व्यवसाय कर: २,५०० रुपये
- शिक्का, लेटरहेडचा नमुना, झेरॉक्स, फोटो: १,५०० रुपये

बेरीज २४,०००. यातलं नोंदणी शुल्क आणि व्यवसाय कर हे दोन आकडे नियमाने ठरलेले आहेत. बाकीच्या रकमा थोडा हात राखून धरल्या आहेत. प्रशिक्षण आणि परीक्षेची फी अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर असेल तीच खरी.

दोन भागीदारांच्या फर्मचा हिशेब वेगळा होतो. प्रशिक्षण १२,०००, परीक्षा ४,०००, नोंदणी १,००,०००, पोर्टलचे आकार ३,०००, भागीदारांचा व्यवसाय कर ५,००० आणि कागदपत्रं २,०००, म्हणजे १,२६,०००. भागीदारी करारनाम्याचा आणि फर्म नोंदवण्याचा खर्च यात धरलेला नाही.

या याद्यांत ऑफिसचं भाडं, फर्निचर, जाहिरात नाही. तो धंद्याचा खर्च आहे. नोंदणीच्या खर्चात तो मिसळला की कशावर किती गेले हे वर्षाअखेरीस कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा १: तुम्हाला नोंदणी लागते का

रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता नियमन व विकास कायदा) कलम ९ नुसार, रेरामध्ये नोंदलेल्या प्रकल्पातला भूखंड, सदनिका किंवा इमारत विकायला किंवा घ्यायला मध्यस्थी करणाऱ्याने नोंदणी केलीच पाहिजे. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि सगळे टप्पे धरून आठपेक्षा जास्त सदनिका असतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणी लागते. शहरात नव्याने उभं राहणारं बहुतेक सगळंच यात येतं.

तुम्ही फक्त भाड्याची घरं देत असाल, लिव्ह अँड लायसन्सचे करार करून देत असाल किंवा तीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीचीच कामं करत असाल, तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही. अशा माणसाने चोवीस हजार आज घालवू नयेत. मात्र भाड्याच्या ग्राहकाला शेजारच्या नव्या टॉवरमधला फ्लॅट "सहज" दाखवलात आणि बिल्डरकडून दलाली घेतलीत, की त्या क्षणी तुम्ही कलम ९ च्या कक्षेत येता.

सावधान: नोंदणी नसताना काम केल्यास कलम ६२ नुसार दर दिवशी १०,००० रुपये दंड होऊ शकतो. तो ज्या मालमत्तेचा व्यवहार केला तिच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढत जातो. ६० लाखांच्या फ्लॅटवर ही मर्यादा ३ लाख रुपये होते आणि रोज दहा हजारांच्या हिशेबाने ती तिसाव्या दिवशीच गाठली जाते. त्या फ्लॅटवर दोन टक्के दलाली मिळाली तरी ती १ लाख २० हजारच.

## टप्पा २: व्यक्ती की फर्म, हे आत्ताच ठरवा

सगळ्या खर्चात सर्वांत मोठा फरक या एका निर्णयाने पडतो. व्यक्तीला शुल्क १०,००० रुपये. व्यक्ती सोडून कुणीही, म्हणजे भागीदारी फर्म, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), कंपनी, असेल तर १,००,००० रुपये. दोन्हींची मुदत पाच वर्षं. वर्षाला वाटून पाहिलं तर २,००० विरुद्ध २०,०००.

दोन मित्र मिळून धंदा सुरू करणार असतील तर बहुतेकांना पहिल्या दिवशी फर्म हवी असते. दोघांनी वेगवेगळी वैयक्तिक नोंदणी केली तर महारेराचं शुल्क २०,००० होतं, फर्मच्या तुलनेत ऐंशी हजारांनी कमी. पण मग दलाली ज्याच्या नोंदणीवर व्यवहार झाला त्याच्याच खात्यात, त्याच्याच पॅनवर येणार, आणि आपसातली वाटणी तुम्हाला स्वतंत्रपणे लिहून ठेवावी लागणार. मोठे बिल्डर फर्मशीच करार करतात किंवा बँक खातं फर्मच्या नावे हवं, असं नक्की कारण असेल तरच पहिल्या वर्षी लाख रुपये घाला. "कार्डावर बरं दिसतं" हे कारण लाख रुपयांचं नाही.

प्रोप्रायटरशिपच्या बाबतीत घोळ जास्त होतो. प्रोप्रायटरी फर्मला वेगळं पॅन नसतं, मालकाचंच पॅन चालतं. पाटीवर "अमुक प्रॉपर्टीज" असं नाव आहे म्हणून अर्जात संस्थेचा प्रकार निवडला, की कागदपत्रंही संस्थेची मागितली जातात आणि चलनही त्या दराने निघतं. प्रकार निवडण्याआधी महारेराच्या मदत कक्षाकडून खात्री करून घ्या.

तपासणी: पॅनवर ज्याचं नाव, त्याच्याच नावाने प्रशिक्षण, परीक्षा आणि अर्ज. तिन्ही ठिकाणी नावाची अक्षरं एकसारखी हवीत. आधारवर वडिलांचं नाव आहे, पॅनवर नुसतं आद्याक्षर आहे, असं असेल तर दुरुस्ती प्रशिक्षणाला नाव नोंदवण्याआधी करा. प्रमाणपत्र चुकीच्या नावाने निघालं की ते बदलून घेण्यात बराच वेळ जातो आणि तोवर पुढचा अर्ज अडून राहतो.

## टप्पा ३: प्रशिक्षण आणि परीक्षा

महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं केलं. नवीन माणसासाठी क्रम असा: प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र, मग नोंदणीचा अर्ज. जुन्या एजंटांना मुदतवाढी मिळाल्या होत्या, त्या संपल्या. जानेवारी २०२४ मध्ये प्रमाणपत्र नसलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली होती. त्यामुळे "आधी नोंदणी, परीक्षा नंतर बघू" हा सल्ला कुणी दिला तर तो जुना आहे.

प्रशिक्षण महारेराने मान्य केलेल्या संस्थांकडूनच घ्यायचं. यादी महारेराच्या संकेतस्थळावर आहे. फी भरण्याआधी संस्थेचं नाव त्या यादीत स्वतः डोळ्यांनी बघा. "परीक्षेत पास करून देऊ" अशी हमी देणारा क्लास यादीत असो वा नसो, त्याच्या वाटेला जाऊ नका, कारण परीक्षा त्याच्या हातात नसते. ती संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची, आयबीपीएसमार्फत (बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था) होते.

नापास झालात तर परीक्षेची फी पुन्हा भरावी लागते आणि पुढच्या तारखेपर्यंत थांबावं लागतं. दोन हजार फार नाहीत, पण मधल्या काळात काम करता येत नाही. म्हणून अभ्यास नीट करा. अनुभवी दलालही जिथे चुकतात त्या जागा या:

- कार्पेट एरिया. रेरातली व्याख्या बाजारातल्या "बिल्टअप" आणि "सुपर बिल्टअप"पेक्षा वेगळी आहे. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र वापराची उघडी गच्ची त्यात येत नाही. घराच्या आतल्या विभागणाऱ्या भिंती मात्र येतात.
- १० टक्क्यांची मर्यादा. कलम १३ नुसार विक्री करार लिहून नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "टोकन" या नावाखाली ही मर्यादा ओलांडायला मदत करणारा एजंटही अडचणीत येतो.
- ७० टक्क्यांचं खातं. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायची असते.
- पाच वर्षांचा दोषदायित्व काळ, म्हणजे बांधकामातला दोष बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा काळ. तो ताबा दिल्यापासून मोजतात, बुकिंगपासून नाही.
- सीसी आणि ओसी. बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांतला फरक तोंडपाठ हवा. ग्राहक पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारतो.

फर्म किंवा कंपनी असेल तर मालकाने एकट्याने परीक्षा देऊन भागत नाही. ग्राहकांशी बोलणाऱ्या, साइट दाखवणाऱ्या माणसांनाही प्रमाणपत्र लागतं. फर्मचं अंदाजपत्रक करताना हा खर्च माणशी धरा. तीन माणसं वाढली की २४,००० वाढले.

## टप्पा ४: कागदपत्रं, अर्जाआधी

पोर्टलवर बसून एकेक कागद शोधत राहिलात तर तो दिवस वाया जातो. आधी एका फोल्डरमध्ये सगळं गोळा करा: फोटो, पॅन, कामाच्या जागेच्या पत्त्याचा पुरावा, मागच्या तीन आर्थिक वर्षांची आयकर विवरणपत्रं, प्रलंबित खटल्यांचा तपशील, लेटरहेड, रबरी शिक्क्याचा ठसा, पावतीचा नमुना आणि सक्षमता प्रमाणपत्र. फर्म असेल तर करारनामा किंवा कंपनीची घटनापत्रं, शिवाय प्रत्येक भागीदाराचे किंवा संचालकाचे कागद वेगळे.

सर्वांत जास्त अर्ज विवरणपत्रांपाशी रखडतात. तीन शक्यता असतात:

१. तिन्ही वर्षांची विवरणपत्रं भरलेली आहेत. पोचपावत्या आयकर पोर्टलवरून नव्याने उतरवून घ्या. मोबाइलवर काढलेला तिरका फोटो लावू नका.

२. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली होतं म्हणून भरली नाहीत. नियमात यासाठी घोषणापत्राची सोय आहे. तसं घोषणापत्र करा. निव्वळ नोंदणीसाठी मागची विवरणपत्रं "बनवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

३. उत्पन्न करपात्र होतं, तरीही भरली नाहीत. हे महाग पडतं. मुदत संपल्यावर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं. त्याचं विलंब शुल्क ५,००० रुपयांपर्यंत आहे, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. तीही तारीख गेली तर अद्ययावत विवरणपत्र उरतं आणि त्यावर कर, व्याज यांखेरीज त्या दोन्हींच्या रकमेच्या किमान २५ टक्के जादा भरावे लागतात. हा खर्च वरच्या चोवीस हजारांच्या बाहेरचा आहे. सीएकडे परीक्षेनंतर नाही, प्रशिक्षणाच्या आधीच जा.

पत्त्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या नावाचं वीजबिल असेल तर काम सोपं होतं. घर वडिलांच्या नावे असेल तर वीजबिलाबरोबर त्यांचं संमतीपत्र जोडा. गाळा भाड्याचा असेल तर नोंदवलेला भाडेकरार लागेल. भाडेकरारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी शुल्क शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नुसत्या नोटरी करारावर भागवायचा मोह टाळा.

प्रलंबित खटल्यांच्या रकान्यात "नाही" लिहिण्याआधी आठवून बघा. चेक न वटल्याची केस हा फौजदारी खटलाच असतो. भावकीतल्या जमिनीचा दावा तुमच्याविरुद्ध चालू असेल तर तो दिवाणी खटला. खटला आहे म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. लपवलेला खटला पुढे सापडला तर मात्र खोट्या माहितीच्या आधारे घेतलेली नोंदणी रद्द होऊ शकते.

सावधान: लेटरहेड आणि पावतीपुस्तक आत्ता छापू नका. अर्जाला नमुना पुरतो. संगणकावर तयार करा, "महारेरा नोंदणी क्रमांक" असं लिहून पुढे जागा मोकळी ठेवा आणि एकच प्रत काढा. छपाई क्रमांक आल्यावर. शिक्का मात्र आत्ता करून घ्यायला हरकत नाही, क्रमांकाचा दुसरा छोटा शिक्का नंतर दीडशे-दोनशे रुपयांत होतो.

## टप्पा ५: अर्ज आणि पैसे

अर्ज महारेराच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि शुल्कही तिथेच. रोख किंवा डिमांड ड्राफ्ट घेऊन कार्यालयात जायची गरज नाही. मध्यस्थ हा अर्ज भरून देण्याचे तीन ते पाच हजार मागतात. कागदपत्रं तयार असतील तर तुम्ही तो स्वतः दोन तासांत भरू शकता. मध्यस्थ ठेवलाच तर लॉगिन, मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच द्या. मध्यस्थाचा ईमेल दिला की त्रुटींच्या सूचना त्याच्याकडे जातात, आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी तो माणूस सापडत नाही.

"पे" दाबण्याआधी चार गोष्टी पुन्हा वाचा: अर्जदाराचा प्रकार, नावाची अक्षरं, पॅन, पत्त्याचा पिन. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी व्यवहार क्रमांक घेऊन बँकेकडे आणि पोर्टलवर स्थिती तपासा.

अर्जावर ३० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. त्या काळात त्रुटी किंवा नकार कळवला गेला नाही, तर कलम ९(४) नुसार नोंदणी झाली असं मानलं जातं. पण या तरतुदीच्या जोरावर क्रमांक हातात नसताना व्यवहार करू नका, कारण बिल्डर क्रमांक मागणार आणि तो करारातही लिहावा लागणार. दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून त्रुटीची सूचना आली आहे का ते बघा. ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडतात.

## टप्पा ६: क्रमांक आल्यावर लागणारे खर्च

एजंटचा क्रमांक इंग्रजी "ए" अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा "पी"ने. दोन्हींत गल्लत करून जाहिराती छापणारे कमी नाहीत. प्रमाणपत्र मिळालं की महारेराच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधून पत्ता, फोटो, मुदत बरोबर आहे ना ते बघा. मग छपाई.

व्यवसाय कर. इस्टेट एजंटला वर्षाला २,५०० रुपये. धंदा सुरू केल्यापासून ३० दिवसांत नाव नोंदवायचं, पुढे दर वर्षी ३० जूनपर्यंत भरायचा. वय ६५ च्या वर असेल तर माफ. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा वेगळा. हा कर सर्वांत जास्त विसरला जातो, आणि चार-पाच वर्षांची थकबाकी व्याजासह एकदम समोर येते.

शॉप अ‍ॅक्ट. मोजकीच माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिचं सरकारी शुल्क किरकोळ आहे. चालू खातं उघडताना बँक हा कागद मागते.

जीएसटी. दलालीची एकूण उलाढाल आर्थिक वर्षात २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची, दर १८ टक्के. नोंदणीला सरकारी शुल्क नाही. खर्च सुरू होतो तो पुढे: विवरणपत्रं, सीएची फी, उशीर झाल्यास दंड. काही बिल्डर जीएसटी क्रमांकाशिवाय बिल घेत नाहीत. तिथे ऐच्छिक नोंदणी करावी लागली तर महिन्याचा हा खर्च दलालीत धरून बोला, नंतर नको.

टीडीएस. हा खर्च नाही, पण हातातली रक्कम कमी होते. दलालीवर १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के कापले जातात. १ लाख २० हजारांच्या दलालीवर २,४०० कापून येतील. ते विवरणपत्र भरताना जमेला धरता येतात. पॅन दिलं नाही तर २० टक्के कापतात.

जाहिरात. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड नसलेली जाहिरात पुढे पाठवू नका. बिल्डरच्या सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं "प्री-लाँच" चित्र तर मुळीच नको. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करून द्यायला कलम १० मनाई करतं.

नोंदी. प्रत्येक व्यवहाराची तारीख, ग्राहक, प्रकल्प क्रमांक, मिळालेली दलाली आणि पावती क्रमांक एका वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा. हिशेब ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याला खर्च शून्य आहे. विक्री करारात आणि अलॉटमेंट लेटरमध्ये तुमचं नाव व क्रमांक आला आहे ना, हे ग्राहकाने सही करण्याआधी तपासा. दलालीचा वाद झाला तर तुमच्या हातात तोच पुरावा असतो.

## टप्पा ७: पाच वर्षांनंतरची तारीख आजच लिहा

मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा असतो. प्रमाणपत्रावरच्या शेवटच्या तारखेतून चार महिने वजा करा आणि ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. पहिले दोन महिने कागदपत्रं अद्ययावत करायला लागतात, कारण तोवर पत्ता, कधीकधी भागीदारही, बदललेला असतो. नूतनीकरणालाही शुल्क आहे. एकट्याने दरमहा दोनशे आणि फर्मने दोन हजार बाजूला टाकले, तर साठ महिन्यांत १२,००० आणि १,२०,००० जमतात.

मधल्या काळात पत्ता, मोबाइल क्रमांक किंवा भागीदार बदलला तर तो बदल तेव्हाच पोर्टलवर कळवा. जुन्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी जात राहिला, तर स्वतःच्याच खात्यात शिरण्यासाठी मदत कक्षामागे लागावं लागतं.